गच्चीवरची चार-दहा

आमच्या गच्चीवर रेल्वे स्टेशन बांधा असं मला कोणीही सांगितलं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढे प्रत्येक पानावर 'पण तुम्हाला सांगितलं कोणी होतं?' असं वाचकाला विचारायला नको. ते विचारायला आमच्या घरी स्वतंत्र माणूस आहे आणि त्या माणसाशी माझं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली आहेत.

सासूबाई गेल्या आणि सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले. आल्या दिवशी, बूट काढायच्याही आधी, त्यांनी परत जायची तारीख सांगितली. सोळा. उन्हाळा संपता संपता येणारी सोळा. चाळीस वर्षं स्टेशन मास्तरकी केलेला माणूस. सुटायची वेळ ठरल्याशिवाय तो कुठे येऊन थांबतच नाही. परत जायचं ते त्यांच्या जुन्या गावी, त्यांच्या स्टेशनाशेजारच्या घरात. आता गंमत अशी, की ते स्टेशन बंद पडून अकरा वर्षं झाली. रूळ उचलून नेले, छपराचे पत्रे काढून नेले, राहिला फक्त फलाट आणि त्यावर चरणाऱ्या शेळ्या. अशा ठिकाणी हा ब्याऐंशी वर्षांचा माणूस एकटा राहणार. इकडे येण्याआधीच्या महिन्याभरात दोनदा गॅस चालू राहिला होता आणि एकदा न्हाणीघरात पाय घसरून ते दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. ही गोष्टसुद्धा आम्हाला दूधवाल्याकडूनच कळली.

त्यांनी कायमचं आमच्याकडे राहावं असं हिच्या मनात होतं. माझ्याही होतं, पण माझ्या मनाची नोंद आमच्या घरी फारशी कोणी घेत नाही. हिने एकदा धीर करून विषय काढला, तेव्हा सासऱ्यांनी घड्याळाकडे बघून सांगितलं, की पाहुण्याने आपली गाडी चुकवू नये. त्यावर ही स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ उगाच डबे पुसत राहिली.

सासरे दिवसभर खिडकीशी बसत. अंगात कोट, पायात बूट, मांडीवर एक लांबलचक रजिस्टर. त्यात ते आमच्या घरच्या वेळा लिहीत. 'दूध: सहा सत्तेचाळीस. सात मिनिटं उशीर. कारण: जिन्यात गप्पा.' 'पेपर: वेळेवर.' आमचं ऑफिस सात ते दोन, मी अडीचला घरी पोचायला हवा. म्हणून रोज एक ओळ माझीही असे. 'जावई: दोन चाळीस. दहा मिनिटं उशीर. कारण: सांगता आले नाही.' हे मी चोरून वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. कारण खरोखरच मला सांगता आलं नसतं. मी पाणीपुरवठा खात्यात गळतीच्या तक्रारी बघतो, आणि माझा स्वभाव मुळातच तंद्री लागणारा आहे. रस्त्याने येताना एखादी बंद गिरणी, एखादा उघडा जिना दिसला, की मी तिथे थोडा थांबतो. थांबून काय करतो, ते मलाही माहीत नाही.

एका दुपारी ही म्हणाली, "बाबांना इथे कमी काही नाही हो. पण काम काही नाही. काम असतं तर राहिले असते."

एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जे शिरलं ते निघेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गळतीच्या एका अर्जाच्या समासात मी स्टेशनची इमारत काढली. तिसऱ्या दिवशी त्याच अर्जावर पाण्याची टाकी, सिग्नल आणि केबिन काढली. चौथ्या दिवशी तो अर्ज साहेबांकडे सहीला गेला, आणि पाणी फलाटाच्या कोणत्या टोकाला गळतंय अशी त्यावर विचारणा आली.

बांधकामाच्या बाबतीत आमच्या घरात माझी पत फारशी नव्हती. पूर्वी मी एक शेल्फ केलं होतं. ते अजून भिंतीला आहे, पण त्यावर काही ठेवायचं नाही असा घरात अलिखित नियम आहे. तेव्हा स्टेशनचं काम मी गुपचूप माळ्यावर सुरू केलं. प्रमाण घेतलं एकास बावीस, म्हणजे खऱ्या बावीस फुटांचा आपला एक फूट. खोक्यांच्या फळ्या कापून भिंती केल्या, पुठ्ठ्याची कौलं एकेक करून कापली. कौलं कापताना माझी अशी काही तंद्री लागे की खालून हाक आलेली ऐकू यायची नाही. तिकीटघराच्या खिडकीला नखाएवढी काच बसवली आणि तिच्यातून डोळा लावून आत बघितलं, तेव्हा आतल्या रिकाम्या खोलीत खरोखरच दुपार झाली होती. जमिनीवर उन्हाचा एक चौकोन पडला होता. आता कोणीतरी ट्रंक घेऊन येईल आणि दोन तिकिटं मागेल, असं वाटून मी तसाच वाकून राहिलो. माझी मान तीन दिवस धरली होती.

स्टेशन गच्चीवर मांडलं, वर चादर टाकली, आणि सासऱ्यांना हात धरून वर नेलं. चादर काढली. ते कितीतरी वेळ बघत राहिले. हिने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की सव्वीस वर्षांतल्या दोनचार गोष्टी माफ झाल्या असाव्यात.

"तोंड उत्तरेला आहे, जावईबापू," सासरे म्हणाले. "आमचं पूर्वेला होतं."

मी स्टेशन फिरवलं. फिरवल्यावर कळलं की टाकी चुकीच्या बाजूला आहे. टाकी हलवली तर केबिनला गाडी दिसेना. मग त्यांनी फलाटाची लांबी विचारली. मी म्हटलं, आठ फूट. ते म्हणाले, खरा फलाट त्यांच्या पावलांनी दोनशे बारा पावलं होता. मी वहीत हिशेब केला. पावलांचे झाले पाचशे फूट, ते बावीसने भागून फलाट आमच्याकडे जवळजवळ तेवीस फूट होत होता, आणि आमची गच्ची आहे सव्वीस फूट. मी सुचवलं की फलाट जरा आखूड ठेवू, खेळण्यातलीच तर गाडी. 'खेळण्यातली' हा शब्द त्यांना ऐकू न आल्यासारखा त्यांनी केला. फलाट आखूड केला तर मागचे दोन डबे फलाटाबाहेर थांबतील, असं त्यांनी मला समजावलं. म्हातारी माणसं नेहमी मागच्या डब्यात बसतात, आणि फलाट नसला तर त्यांना खडीत उडी मारावी लागते. मला त्या खडीत उतरणाऱ्या बोटभर म्हाताऱ्या डोळ्यांसमोर दिसायला लागल्या. मी तेवीस फुटांचा फलाट केला. त्यामुळे कपडे वाळत घालायला जागा उरली नाही, आणि हिची ती माफी परत घेण्यात आली.

इंजिनासाठी मी लेथवाल्याकडे गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे, तिथे तो पंपांचे दांडे कातून देतो. मी नकाशा दाखवला आणि सहा मोठी चाकं, चार लहान चाकं पाहिजेत म्हणालो. त्याने नकाशा सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला, आणि हे पिठाच्या गिरणीचं काम दिसतंय असं मत दिलं. इंजिन आहे म्हटल्यावर मात्र त्याने चालू लेथ बंद केला. पुढचे दोन आठवडे त्या दुकानात पंपाचं एकही काम झालं नाही. बॉयलर दूध पावडरच्या डब्यांचा केला, धुराडं जुन्या नळाच्या तुकड्याचं, घुमट एका दरवाज्याच्या मुठीचा. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढं ते इंजिन तयार झालं, तेव्हा लेथवाल्याने ते पोटाशी धरून आमच्या तीन मजल्यांचे जिने चढवले. वाटेत मी दोनदा हात पुढे केला, पण त्याने दिलं नाही.

मोटर कोणती बसवायची यावर सगळ्या इमारतीने सल्ले दिले. खालच्या मजल्यावरचे प्रोफेसर म्हणाले, खरी वाफ करा, नाहीतर त्यात तत्त्व राहत नाही. सेक्रेटरी म्हणाले, वाफ करणार असाल तर लेखी कळवा. शेजारी मेट्रनबाई राहतात. पूर्वी मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या, आणि आमच्या गच्चीला लागूनच त्यांची गच्ची आहे, मध्ये फक्त एक भिंत. त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, की या वयात इतकं वाकणं पाठीला बरं नव्हे. हा सल्ला तेवढा खरा निघाला. शेवटी घरात पडलेल्या जुन्या मिक्सरची मोटर मी इंजिनात बसवली. वायर लांब होती. बटण दाबलं. इंजिन निघालं असं म्हणता येणार नाही. ते एकदम दुसऱ्या टोकालाच दिसलं. मध्ये काय झालं ते कोणीच पाहिलं नाही. तिथून ते उडालं, भिंतीवरून पलीकडे गेलं, आणि मेट्रनबाईंनी वाळत घातलेल्या पलंगपोसात गुरफटून गरगरत राहिलं. वायर ताणून प्लग निघाला तेव्हा कुठे थांबलं. सासऱ्यांनी रजिस्टर उघडलं. 'चाचणी गाडी: चार सेकंद लवकर. कारण: मिक्सर.'

मग लेथवाल्याने कुठल्याशा मोडीत निघालेल्या मोटारगाडीच्या वायपरची मोटर आणली. ती बॅटरीवर चालते आणि तिला कसलीही घाई नसते. इंजिन डबे घेऊन मुंगीसारखं सरकायला लागलं, आणि त्याच्या चाकांचा आवाज ऐकून सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

उद्घाटनाला सगळी इमारत गच्चीवर जमली. फलाट खडूने पांढरा केलेला, सिग्नलचे हात दोऱ्यांवर हलणारे. हिने कापडाचे प्रवासी केले होते, बोटाएवढे. सासऱ्यांनी कोटाची बटणं लावली, हिरवा झेंडा हातात घेतला. प्रोफेसरांनी चार शब्द सांगितले, ते चाळीस झाले. मग सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले.

सासऱ्यांनी झेंडा गुंडाळून काखेत मारला.

"पुढच्या स्टेशनची लाइन क्लिअर कुठाय?"

कोणालाच काही कळेना. तेव्हा त्यांनी उभ्या उभ्याच समजावून सांगितलं. एकेरी मार्गावर एका स्टेशनातून गाडी सोडायची, तर आधी पुढच्या स्टेशनला विचारायचं. मार्ग मोकळा असेल, गाडी घ्यायला माणूस हजर असेल, तर पुढचा मास्तर म्हणतो, लाइन क्लिअर. मग ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा द्यायचा. तो गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हर चाक हलवत नाही. त्यांनी चाळीस वर्षांत लाइन क्लिअर नसताना एक गाडी सोडली नव्हती. आता ब्याऐंशीव्या वर्षी, समोर सगळी इमारत बघत असताना, ते हा गुन्हा करणार नव्हते.

मी म्हटलं, बाबा, पुढे स्टेशनच नाही, पुढे भिंत आहे. ते म्हणाले, मग गाडी कुठे जायची म्हणता? लोक हळूहळू खाली गेले. जिन्यात कोणीतरी हसलं, तेही मी ऐकलं.

गाडी तीन आठवडे फलाटाला उभी राहिली. त्या तीन आठवड्यांत मला ऑफिसातही करमेना. गळतीचे अर्ज लावता लावता ते कापडी प्रवासी दिसत. उन्हात ट्रंकेवर बसलेले, कोणावरही न चिडता वाट बघणारे. सोळा तारीखही जवळ येत होती, कोपऱ्यात सासऱ्यांची सुटकेस झाडून पुसून ठेवलेली होती. पुढचं स्टेशन बांधणं भागच होतं, आणि ते मेट्रनबाईंच्या गच्चीवरच बांधता येणार होतं. मेट्रनबाईंनी एका अटीवर होकार दिला: सासऱ्यांचा वाचून झालेला पेपर रोजच्या गाडीने त्यांच्याकडे आला पाहिजे. अडचण राहिली ती मधल्या भिंतीची. तिच्यात दोन विटांएवढं भोक पाडायचं होतं.

दुसऱ्या कोणीही ते मुकाट्याने पाडलं असतं. पण मी खात्यातला माणूस. मी सेक्रेटरींना अर्ज दिला. विषय: दोन गच्च्यांमधील भिंतीत रेल्वेसाठी बोगदा काढण्यास परवानगी मिळणेबाबत. सेक्रेटरींनी 'बोगदा' शब्द वाचून खुर्ची मागे सरकवली, आणि तो अर्ज बांधकाम खात्याकडे पाठवून दिला. तिकडून आठवड्याने उत्तर आलं, की अर्जासोबत प्रमाण जोडलेले नाही, ते तातडीने सादर करावे. माझं चुकलंच होतं. मी परतटपाली कळवलं: प्रमाण, एकास बावीस.

त्यांना दाखला हवा होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कौलं कापून कापून 'प्रमाण' या शब्दाचा माझ्यापुरता एकच अर्थ उरला होता.

बांधकाम खात्याचे साहेब स्वतः आले. जाड फाइल, टेप, डोक्यावर टोपी. जिने चढून दमलेले. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही आणि पहिला प्रश्न टाकला, की एकाच बोगद्याचा अर्ज दिसतोय, उरलेले एकवीस कुठे आहेत? मी त्यांना गच्चीवर नेलं. त्यांनी भिंत बघितली, फलाट बघितला, मग फाइल बघितली. फाइलमध्ये हवा खेळती ठेवण्याची सोय, मातीची तपासणी, आणि आपत्काळी प्रवाशांना बाहेर काढण्याची व्यवस्था असे तीन रकाने होते. ते रिकामे सोडता येत नाहीत असं ते म्हणाले, आणि ते खरं आहे. आमच्याकडेही सोडता येत नाहीत. हवा आहे, माती नाही, असं आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. तिसऱ्या रकान्यात मेट्रनबाईंनी आपलं नाव घालायला सांगितलं.

"बांधकामाचा वापर?" साहेबांनी विचारलं. "निवासी की व्यापारी?"

"प्रवासी," सासरे म्हणाले.

साहेबांनी पेन थांबवलं. त्यांनी पहिल्यांदाच सासऱ्यांकडे नीट बघितलं. मग टोपी काढून बाजूला ठेवली, गुडघे टेकले, आणि गाल फरशीला लावून त्या तेवीस फुटी फलाटावरून शेवटपर्यंत नजर टाकली. तिथून काय दिसतं ते मला माहीत होतं, मी तसा कित्येकदा पडलो होतो. तिथून गच्ची दिसत नाही. लांबच लांब फलाट दिसतो, टाकीची सावली दिसते, आणि पलीकडे नुसतं आभाळ. साहेब बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांच्या गालाला खडू लागला होता. जाताना त्यांनी 'किरकोळ दुरुस्ती' असा शिक्का मारला, आणि गाडी किती वाजता सुटते ते विचारून घेतलं.

भोक पाडलं. पलीकडे मेट्रनबाईंच्या कुंड्यांमध्ये मी एक लहानसं स्टेशन मांडलं. एक खोली, एक बाक, एक सिग्नल. भंगारातले दोन काळे टेलिफोन वायरने जोडले. त्यांची घंटी वाजत नव्हती, म्हणून बोगद्यातून एक दोरी नेऊन तिला सायकलची घंटी बांधली. लोखंडी गोळ्याच्या जागी लेथवाल्याने बेअरिंगमधला एक मोठा छर्रा दिला. पुढच्या स्टेशनचा मास्तर कोण हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी बदली झाली असं मी समजलो.

मग ज्या दुपारी आल्या, तशा माझ्या आयुष्यात पूर्वी आल्या नव्हत्या. मी ऑफिसातून येई, जेवे, आणि मेट्रनबाईंच्या कुंड्यांत स्टुलावर जाऊन बसे. पानांतून ऊन गळत असे. चार वाजून पाच मिनिटांनी घंटी वाजे. मी टेलिफोन उचले. पलीकडून सासऱ्यांचा आवाज येई, भिंतीच्या त्या बाजूचाच, पण वायरीतून फार लांबून आल्यासारखा: "चार-दहाला लाइन क्लिअर आहे का?" मी वाकून मार्ग बघे. एकदा मांजर बसलं होतं, त्या दिवशी गाडी वीस मिनिटं थांबली आणि रजिस्टरात 'कारण: मांजर' अशी नोंद झाली. एरवी मी म्हणे, "लाइन क्लिअर." मग बोगद्याच्या अंधारात आधी आवाज व्हायचा, आणि मग इंजिन, छर्रा घेऊन, डब्यावर पेपरची गुंडाळी घेऊन, माझ्या कुंड्यांमध्ये हळूच बाहेर यायचं. त्या मिनिटभरात मी नक्की किती उंचीचा असे हे मला सांगता येणार नाही. एकदा तर बाकावरच्या कापडी बाईला मी, जरा सरकून घ्या, असं म्हणालो, आणि ते मेट्रनबाईंनी ऐकलं. त्यांनी माझी नाडी बघितली.

सासऱ्यांनी मला जावईबापू म्हणणं सोडलं होतं. आता ते मला 'पुढचं स्टेशन' म्हणत. 'पुढच्या स्टेशनला चहा दिलास का?' असं हिला विचारत. मला ही बढती आहे की काय ते कळत नव्हतं.

हिने एक कापडी बाई वेगळी केली होती. राखाडी केसांची, हिरव्या कपड्यांतली. ती तिने न बोलता सासऱ्यांच्या स्टेशनाशेजारच्या छोट्या घराबाहेर, पायरीवर ठेवली. सासऱ्यांनी ती दोन दिवस पाहिली न पाहिल्यासारखी केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती उचलून दोन बोटं खिडकीकडे सरकवली. ती इथे बसायची, म्हणाले, इथून सिग्नल दिसतो. त्या दिवशी चार-दहा सहा मिनिटं उशिरा सुटली आणि कारणाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

एवढं सगळं झालं, आणि तरी सोळा तारीख आली. माझा असा समज होता, की काम मिळालं म्हणजे ते तारीख विसरतील. वेळेच्या माणसाबद्दल असा समज करून घेणं हा शुद्ध वेडेपणा होता. पंधरा तारखेला त्यांनी सुटकेस भरली, कंगवा वर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सव्वाचारला टॅक्सी बोलावली. चार-दहा सोडून जाईन म्हणाले. सोळाला दुपारी मी मेट्रनबाईंच्या गच्चीकडे निघालो तेव्हा ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "काहीतरी करा हो." सव्वीस वर्षांत तिने मला 'काहीतरी करू नका' असंच सांगितलं होतं.

मी कुंड्यांत जाऊन बसलो. काय करावं ते काही सुचेना. बोगद्यातून बघितलं तर पलीकडे सासऱ्यांचे पॉलिश केलेले बूट दिसत होते आणि त्यांच्या शेजारी सुटकेसचा तळ. चार वाजून पाच मिनिटांनी घंटी वाजली. मी टेलिफोन उचलला.

"चार-दहाला लाइन क्लिअर आहे का?"

"आहे, बाबा. चार-दहाला लाइन क्लिअर."

"ठीक. ही सोडली की मी निघतो. रजिस्टर मुलीकडे दिलंय. छर्रा नीट ठेवा, घरंगळतो."

सुखरूप जा, पोचल्यावर फोन करा, असं काहीतरी म्हणायचं असतं. ते म्हणायला मी तोंड उघडलं.

"तुम्हाला लाइन क्लिअर नाही, बाबा," मी म्हणालो.

वायरीत नुसती खरखर.

"कारण?" त्यांनी विचारलं. आवाज पार बदलला होता. तो सासऱ्यांचा नव्हता, ड्युटीवरच्या माणसाचा होता. "नाकारलीत तर कारण द्यावं लागतं."

सांगता आले नाही, ही माझी नेहमीची नोंद. पण त्या वेळी मला त्यांचं ते स्टेशन दिसत होतं, बावीसपटीने मोठं, खरं. छप्पर नसलेलं, फलाटावर शेळ्या, आणि शेजारच्या घराच्या पायरीवर कोणीच बसलेलं नाही.

"पुढच्या स्टेशनवर गाडी घ्यायला कोणी नाही," मी म्हणालो.

बोगद्यातून मला ते बूट दिसत होते. कितीतरी वेळ ते हलले नाहीत. मग सुटकेस आडवी झाली, आणि बूट वाकले, म्हणजे सासरे तिच्यावर बसले असावेत.

"नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "थांबवा मग गाडी, मास्तर."

टॅक्सीवाला खालून हॉर्न वाजवून कंटाळला आणि वर आला. सासऱ्यांनी त्याला सांगितलं की सिग्नल मिळालेला नाही. त्याने सुटकेस बघितली, फलाट बघितला, आणि इथून पुढे किती वाजता सुटेल असं विचारून तो टाकीजवळ उकिडवा बसला. ही तेवढ्यात वर आली. हातात रजिस्टर होतं. ते तिने बाबांना परत दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मग इंजिनाचा आवाज झाला. छर्रा घेऊन, पेपर घेऊन, चार-दहा माझ्याकडे आली. मी ती घेतली आणि टेलिफोनवर गाडी पोचल्याचं सांगितलं. पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला. ते लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी दूध वेळेवर आलं. मी ते रजिस्टर चोरून उघडलं. सोळा तारखेला शेवटची ओळ होती: 'चार-दहा: चार एकवीस. अकरा मिनिटं उशीर. कारण: जावई.'